आयर्लंडमधली शेती, रोजची कामं आणि गावाकडच्या कारागिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडला फिरायला येणारे, इथे नोकरीसाठी राहणारे आणि महाराष्ट्रात बसून कुतूहलाने विचारणारे, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. मी गॉलवे काउंटीत गावाकडे राहते. आजूबाजूला गुरं-मेंढरांची शेती आहे. रोज जे दिसतं आणि शेजाऱ्यांच्या हाताखाली जे करून पाहिलं, त्यातून ही उत्तरं लिहिली आहेत. कायदे-नियम जिथे आले आहेत तिथे ते आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचे आहेत. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये येतं आणि तिथले नियम वेगळे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बरीचशी उत्तरं तिच्याशी येऊन थांबतात. इथली टोपली, दगडी भिंत, पेंढ्याचा दोर, गवती छप्पर हे सगळं शेतातल्या कुठल्या तरी अडचणीवरचा उपाय म्हणून जन्माला आलं. ती अडचण जिथे आजही आहे, तिथे ती कारागिरी धडधाकट आहे.

१. आयर्लंडमध्ये शेतकरी नेमकं काय पिकवतात?

मुख्यतः गवत. शेतीखालच्या जमिनीपैकी सुमारे नव्वद टक्के जमीन गवताखाली किंवा डोंगरातल्या चराईखाली आहे. ते गवत गाई आणि मेंढ्या खातात, आणि बाजारात जातं ते दूध, लोणी, चीज, गोमांस आणि कोकराचं मांस. कारण हवामान. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळा फार कडक नसतो, उन्हाळा तापत नाही आणि पाऊस बाराही महिने असतो. पूर्वेकडे वर्षाला साधारण ७५० ते १००० मिलिमीटर, पश्चिमेकडे १००० ते १४०० मिलिमीटर. कोकणाच्या मानाने हा आकडा लहान वाटेल, पण कोकणात तो चार महिन्यांत कोसळतो आणि इथे वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. गवताला तेच मानवतं.

बार्ली, गहू, ओट आणि बटाटा ही पिकं प्रामुख्याने पूर्वेला आणि आग्नेयेला. २०२० च्या कृषिगणनेत सुमारे १,३५,००० शेतकरी खाती मोजली गेली, आणि दर खात्याला सरासरी ३३ हेक्टर जमीन निघाली. पश्चिमेकडची खाती याहून बरीच लहान असतात, आणि तिथे शेतीबरोबर नोकरी किंवा दुसरा धंदा करणारी घरं पुष्कळ आहेत.

२. वर्षाचं वेळापत्रक कसं असतं?

पारंपरिक आयरिश पंचांगात १ फेब्रुवारीला, म्हणजे संत ब्रिजिडच्या दिवशी, वसंत सुरू होतो. हवामान खातं मार्चपासून वसंत धरतं, पण शेतकऱ्याचं काम जुन्या पंचांगाप्रमाणेच चालतं, कारण फेब्रुवारीत गाई वितात.

फेब्रुवारी ते एप्रिल हा गाई विण्याचा आणि मेंढ्यांना कोकरं होण्याचा काळ. झोप उडालेली असते. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपास परसातले लवकरचे बटाटे लावायची प्रथा आहे. एप्रिल-मेमध्ये टर्फ काढायला सुरुवात होते (प्रश्न ६). मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला मुरघासासाठी (प्रश्न ४) गवताची पहिली कापणी. जूनमध्ये लोकर कातरणी. जुलै-ऑगस्टमध्ये गवताची दुसरी कापणी, वाळलेल्या गवताचे गठ्ठे, धान्याची सुगी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुरांचे बाजार जोरात. नोव्हेंबरमध्ये गुरं गोठ्यात जातात, आणि मग फेब्रुवारीपर्यंत चारा घालणं, गोठा साफ करणं, कुंपणं नीट करणं. टोपल्या विणायचा मोसम हाच.

३. गाईंची धार हाताने काढतात का? आणि सगळ्या गाई एकदमच कशा वितात?

हाताने आता कोणी काढत नाही. दुधाच्या शेतावर धारेसाठी वेगळी शेड असते. गाई दोन्ही बाजूंना तिरप्या रांगेत उभ्या राहतात, मधल्या खोलगट जागेत उभं राहून माणूस सडांना यंत्र लावतो. दिवसातून दोनदा. दूध थंड टाकीत साठतं आणि सहकारी संस्थेचा टँकर ते घेऊन जातो. ज्यांनी गोकुळ किंवा वारणा जवळून पाहिलं आहे त्यांना हे सहकाराचं गणित लगेच कळेल.

सगळ्या गाई वसंतात विण्यामागे हिशेब आहे. गवत सगळ्यात जोमाने वाढतं ते मे महिन्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यालेली गाय त्याच सुमारास भरपूर दूध देते. म्हणजे महागडी पेंड कमी आणि फुकटचं गवत जास्त. म्हणून गाई भरवण्याचं काम उन्हाळ्याच्या तोंडाशी ठरावीक आठवड्यांतच उरकतात. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक कळप आटवलेले असतात.

या दिवसांत गोठ्यात कॅमेरा असतो आणि शेतकरी अंथरुणातून फोनवर गाईकडे बघत असतो. वासराला चीक पाजण्याबद्दल इथे एक-दोन-तीन असा नियम आहे: पहिल्या धारेचा चीक, दोन तासांच्या आत, तीन लिटर. वासराची रोगाशी लढायची ताकद त्यावरच ठरते, म्हणून यात कोणी हयगय करत नाही. जास्तीचा चीक गोठवून ठेवतात. खरवसासाठी मिळेल का, हा प्रश्न मराठी घरांतून हमखास येतो. दुकानात मिळत नाही. पहिल्या काही दिवसांचं दूध डेअरीलाही चालत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडे वासरांना पुरून उरला असेल, तरच मागावा.

४. गवत वाळवून ठेवायचं सोडून मुरघास का करतात?

वाळलेल्या गवताला सलग चार-पाच कोरडे दिवस लागतात, आणि पश्चिम आयर्लंडमध्ये तेवढे दिवस हाती लागणं नशिबाची गोष्ट. मुरघासाला एक-दोन दिवस पुरतात. गवत कापून थोडं कोमेजू देतात, बारीक करून मोठ्या ढिगात घालतात, ट्रॅक्टरने दाबून दाबून हवा काढतात, मग काळं प्लास्टिक अंथरून वर जुने टायर ठेवतात. हवा नसली की गवत आंबतं आणि टिकतं. लहान शेतांवर त्याऐवजी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे दिसतात. कापणीचं काम बहुतेक जण मोठी यंत्रं असलेल्या ठेकेदाराकडून करून घेतात. जूनमध्ये रात्री अकरा वाजता रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागली असेल, तर उद्या पाऊस आहे असं समजा.

या बदलाची एक किंमत मोजावी लागली. शेतात घरटं करणारा कॉर्नक्रेक नावाचा पक्षी लवकरच्या कापणीत मारला गेला आणि आता मेयो, डोनेगॉल, गॉलवेच्या किनाऱ्याकडे थोडाच उरला आहे. तिथले काही शेतकरी मुद्दाम उशिरा कापतात, आणि शेताच्या मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने कापत जातात, म्हणजे पिल्लांना कडेकडे पळायला वाट राहते. मला या कामाचं फार मोल वाटतं.

५. शेजारी एकमेकांच्या कामाला जायची पद्धत अजून आहे का?

आहे, पण कमी झाली. आयरिश भाषेत तिला मेहल म्हणतात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक. मळणी, गवत गोळा करणं, टर्फ घरी आणणं यांना अख्खी वाडी जमायची, आणि ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. यंत्रं आली तशी बहुतेक कामं ठेकेदाराकडे गेली. तरी मेंढ्या डोंगरावरून उतरवायला, टर्फ भरायला, किंवा घरात आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तर गोठ्याचं काम सांभाळायला शेजारी न बोलावता येतात.

६. टर्फ म्हणजे काय आणि ते काढतात कसं?

दलदलीत हजारो वर्षं शेवाळ आणि झाडपाला अर्धवट कुजून साचत गेला, त्याचे हे थर. इंग्रजीत पीट, गावाकडे टर्फ. लाकूड फार नसलेल्या या देशात घराची चूल आणि ऊब पिढ्यान्‌पिढ्या यावरच चालली. ओलं टर्फ वजनाने सुमारे नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे खरी मेहनत आहे ती वाळवण्याची.

हाताने काढायचं तर आधी वरचा गवत-मुळांचा थर सोलून बाजूला ठेवतात. मग श्लान नावाची अरुंद कुदळ-फावड्यासारखी अवजारं वापरतात: पात्याच्या एका कडेला काटकोनात दुसरं छोटं पातं असतं, त्यामुळे एकाच दाबात विटेच्या दोन बाजू कापल्या जातात. कापणारा वीट उचलून वर फेकतो, दुसरा झेलतो आणि पसरतो. चांगल्या जोडीचा ताल बघत राहावा असा असतो. खालच्या थरांतलं टर्फ काळं, घट्ट आणि जास्त वेळ जळणारं. वरचं तपकिरी, हलकं, भुरकन पेटून जाणारं.

आठवडाभराने विटांच्या वरच्या बाजूला साय धरते. तेव्हा त्या उभ्या करायच्या: पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून, वर टोकं जुळवून, खालून वारा खेळेल अशा. याला फूटिंग म्हणतात. सांगायला सोपं आहे, पण पूर्ण वाकून, मऊ जमिनीत पाय रुतत असताना, हजारो विटा. घाई केली तर ओली वीट हातातच मोडते. उशीर केला तर खालची बाजू जमिनीला चिकटते आणि गवत तिला धरून ठेवतं. वारं पडलं की बारीक चावरे किडे डोक्याभोवती घोंगावतात, आणि हात मातीचे असल्याने त्यांना हाकलताही येत नाही. पुढे काही आठवड्यांनी मोठे ढीग, मग ट्रेलरमध्ये भरून घरी, आणि घराच्या बाजूला रचून गंज. बाहेरच्या विटा तिरप्या लावल्या की पाऊस निथळून जातो.

आज बहुतेक ठिकाणी कापणी यंत्राने होते. यंत्र चिखल दाबून लांब पट्ट्या जमिनीवर घालून जातं. पण उभं करणं आणि भरणं अजून हातानेच चालतं, आणि शाळेला सुट्टी लागली की मुलांची सुटका नसते.

७. टर्फवर बंदी आली असं ऐकलं. मग लोक अजून कसं काढतात?

यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात.

पहिली, मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन. १९४६ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी बोर्ड ना मोना वीजकेंद्रांसाठी मैलोन्‌मैल दलदली खरवडत होती. तिने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं आणि आता त्याच दलदली पुन्हा ओल्या करण्याचं काम करते. दुसरी, संरक्षित क्षेत्रं. युरोपीय कायद्याखाली राखलेल्या उंच दलदलींवर टर्फ काढायला मनाई आहे. तिथल्या हक्कदारांना भरपाई किंवा दुसऱ्या दलदलीत जागा देण्याची योजना आली. तिसरी, विक्री. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानातून, जाहिरात देऊन किंवा इंटरनेटवरून टर्फ विकता येत नाही. मात्र ज्यांच्याकडे टर्फ काढण्याचा पूर्वापार हक्क आहे ते स्वतःच्या चुलीसाठी काढू शकतात.

दलदल वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि तिच्यात प्रचंड कार्बन साठलेला आहे, त्यामुळे हे थांबायला हवं असं मला वाटतं. पण ज्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात दुसरी कुठली उष्णता नाही, त्याला आधी पर्याय द्यावा आणि मग नियम सांगावा, हेही तितक्याच ठामपणे वाटतं.

८. चुना-सिमेंट न लावता दगडी भिंती कशा टिकतात? आणि त्यांना फाटकं का दिसत नाहीत?

कोकणातला गडगा पाहिला असेल तर निम्मं उत्तर तुमच्याकडे आहे. दगड दगडावर वजनाने आणि घर्षणाने बसतो. पूर्व आणि मध्य भागात दुहेरी भिंत बांधतात: दोन बाजू आतल्या अंगाला कललेल्या, मध्ये बारीक दगडांची भर, ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंना पोचणारा आडवा दगड, आणि वर टोपीसारखे जड दगड. पश्चिमेकडे, खासकरून अरन बेटांवर आणि कॉनेमारात, एकेरी भिंती आहेत आणि त्यांच्यातून आरपार आभाळ दिसतं. त्या भोकांमधून वारा निघून जातो म्हणून अटलांटिकच्या वादळात त्या उभ्या राहतात. शिवाय डळमळीत दिसणाऱ्या भिंतीवर मेंढी चढायला धजत नाही.

या भिंतींची मूळ गरज होती दगड ठेवायला जागा करण्याची. शेतात नांगर चालावा म्हणून वेचलेले दगड कुठे तरी रचायलाच हवे होते. अरन बेटांवर तर उघड्या खडकावर वाळू आणि समुद्री शेवाळ वाहून आणून माती केली गेली, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून भोवती भिंत.

फाटकांचं म्हणाल, तर गुरं एका शेतातून दुसऱ्यात न्यायची असली की भिंतीतला ठरलेला भाग उतरवतात आणि गुरं गेली की पुन्हा रचतात. त्या जागेचे दगड गोलसर आणि सैल ठेवलेले असतात, माहितगाराला लांबून ओळखू येतात. माझ्या शेजारच्या आजोबांना हे करताना बघणं म्हणजे शिकवणी आहे: प्रत्येक दगड काढला की ते तो आपल्या क्रमाने गवतावर मांडतात, म्हणजे परत रचताना शोधाशोध नको.

डिसेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या या कोरड्या दगडी बांधकामाचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. गावोगाव शिकवण्याचे वर्ग चालतात (प्रश्न १९).

९. पूर्वीच्या टोपल्या कशा विणत आणि आज त्यांचा काही उपयोग आहे का?

विलो नावाच्या झाडाच्या लवचीक फोकांपासून. पानं गळाल्यावर, नोव्हेंबर ते मार्चमध्ये फोक कापतात, कारण तेव्हा रस उतरलेला असतो. घराघराच्या ओल्या कोपऱ्यात या कामासाठी विलोचं बेट राखलेलं असायचं.

गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लटकणारी क्रील ही शेतावरची मुख्य टोपली: टर्फ, समुद्री शेवाळ, बटाटे सगळं तिच्यातून वाहिलं जायचं. ती उलटी विणतात. जाड फोक चौकोनात जमिनीत रोवायचे, आणि मातीलगत जो पहिला वेढा पडतो तो टोपलीचा काठ. मग वर चढत जायचं. मध्ये एक पट्टा मोकळा सोडतात, फक्त उभे फोक दिसतात. तिथे हात घालून ओझं उचलता येतं. पुरेशी उंची झाली की उभे फोक एकेक करून आत वाकवायचे आणि एकमेकांत गुंफून बूड बंद करायचं. इथे फोक मोडण्याची भीती असते, म्हणून वाकवताना त्याला बोटांत पीळ देतात, तंतू सुटे होतात आणि तो दोरासारखा वळतो. शेवटी सगळी टोपली गुडघे टेकून जमिनीतून उपटायची. त्या वेळी निघणारा आवाज आणि ओल्या सालीचा कडवट वास, दोन्ही मला फार आवडतात.

दुसरी होती स्किब, उथळ गोल टोपली. उकडलेले बटाटे तिच्यात ओतले की पाणी निथळायचं, आणि तीच भांड्यावर ठेवून घरातले सगळे तिच्याभोवती बसून खायचे. आज क्रील बहुतेक सरपणासाठी चुलीशेजारी दिसते. कारागीर कमी आहेत, पण त्यांच्या कामाला दाम मिळतो.

१०. गवती छपराची घरं अजून कोणी बांधतं का? शाकारणी दरवर्षी करावी लागते का?

नवी फार थोडी. जुनी आहेत ती मात्र नेटाने राखली जातात. दरवर्षी शाकारावं लागत नाही. पाणवेताचं छप्पर काही दशकं टिकतं. गहू, ओट किंवा राय या धान्याच्या पेंढ्याचं त्याहून बरंच कमी, आणि पावसाळी पश्चिमेला आणखी लवकर नवा थर द्यावा लागतो. लाकडी वाशांवर आधी गवताच्या मुळांसकट सोललेली मातीची चादर, तिच्यावर पेंढा, आणि पेंढा धरायला हेझेल किंवा विलोच्या टोकदार काटक्या. काटकी मध्ये पिळून चिमट्यासारखी दुमडतात आणि मातीच्या थरात खुपसतात. किनाऱ्यावर वारा इतका की वरून दोर ताणून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधतात. हा दोर पूर्वी पेंढ्याचाच असे: एकाने पेंढा हातातून सोडत राहायचं, दुसऱ्याने आकडा फिरवत मागे मागे चालत जायचं.

आज मालकांची मोठी अडचण विम्याची आहे. आगीच्या भीतीने विमा मिळत नाही किंवा परवडत नाही, आणि त्यापायी चांगली घरं पडीक होतात.

११. दारावर लव्हाळ्याचा क्रॉस का लावतात?

तो संत ब्रिजिडचा क्रॉस. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी लव्हाळा आणून विणतात. लव्हाळा कापायचा नाही, उपटायचा, अशी रीत आहे. घराचं आगीपासून आणि गुरांचं रोगराईपासून रक्षण व्हावं म्हणून घराच्या दारावर आणि गोठ्यातही लावतात. ब्रिजिड ही गाई-दुधाचीही रखवालदार मानतात. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी मिळते. विणायला अतिशय सोपा आहे, मुलांबरोबर जरूर करा.

१२. आयरिश लोणी इतकं पिवळं का? रंग घालतात का?

रंग घालत नाहीत. ताज्या गवतातलं कॅरोटीन गाईच्या दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. म्हैस ते कॅरोटीन जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरं. आपल्याकडे लोण्याला ‘पांढरंशुभ्र’ म्हणायची सवय असल्याने हा प्रश्न पडतो.

घरोघरी उंच लाकडी पिंपात दांडा वर-खाली करून लोणी काढायचे, आणि घुसळण चालू असताना घरात येणाऱ्याने दोन हात लावलेच पाहिजेत अशी रीत होती. नाही तर लोण्याची बरकत जाते. ताकात सोडा घालून बिनयीस्टचा सोडा ब्रेड होतो, तो आजही घरोघरी होतो. कॉर्क शहरात १७७० साली सुरू झालेल्या लोणी बाजारातून मीठ घातलेलं लोणी पिंपांतून जगभर जायचं. तिथे आता लोण्याचं संग्रहालय आहे.

म्हशींबद्दल विचारणाऱ्यांसाठी: कॉर्क काउंटीत मॅक्रूमजवळ २००९ पासून म्हशींचा कळप आहे, त्यांच्या दुधाचं मोझरेला करतात.

१३. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल पट्टे कशाचे?

दोन कारणं, आणि दोन्ही एकाच मेंढीवर असू शकतात. डोंगरावरची चराई अनेक कुटुंबांची सामाईक असते, म्हणून प्रत्येकाचा रंग आणि जागा ठरलेली: कोणाचा खांद्यावर निळा, कोणाचा कमरेवर लाल. दुसरं, शरद ऋतूत मेंढ्याच्या छातीला रंग लावतात. तो ज्या मेंढीवर चढला तिच्या पुठ्ठ्यावर रंग उमटतो. मेंढीचं ऋतुचक्र साधारण सतरा दिवसांचं असतं, तेवढ्या दिवसांनी रंग बदलला की कोणती कधी विणार हे कळतं.

१४. अरन स्वेटरवर प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी असते, हे खरं का?

नाही. बुडालेल्या कोळ्याचा देह नक्षीवरून ओळखायचे ही गोष्टही त्यातलीच. ती रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका नाटकातल्या प्रसंगावरून, आणि तिथेही स्वेटर नसून मोज्याच्या टाक्यांचा उल्लेख आहे. दुकानात आडनावाप्रमाणे मांडलेले स्वेटर पर्यटकांसाठी आहेत. विणकाम मात्र अस्सल आहे आणि बेटावरच्या बायकांनी त्यावर घरं चालवली आहेत. घेताना ‘हाताने विणलेलं’ आणि ‘यंत्रावर विणलेलं’ एवढं नक्की विचारा.

दुःखाची गोष्ट ही की डोंगरी मेंढीच्या जाड लोकरीला आज भाव नाही. बहुतेक शेतकऱ्यांना लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. तरी कातरावीच लागते, कारण उन्हाळ्यात लोकरीत माश्या अंडी घालतात आणि मेंढी जिवंतपणी किडते.

१५. दुधाच्या गाईंच्या गोऱ्ह्यांचं काय होतं?

हा प्रश्न लोक संकोचत विचारतात, पण उत्तर सरळ दिलेलं बरं. काही गोऱ्हे दोनेक वर्षं वाढवून मांसासाठी जातात. काही अगदी लहान असताना युरोपात निर्यात होतात, आणि त्यांच्या लांबच्या प्रवासावर इथे तीव्र वाद आहे. २०१५ मध्ये युरोपीय दूध कोटा संपला, गाई वाढल्या आणि हा प्रश्नही वाढला. आता कालवडीच व्हाव्यात असं निवडलेलं रेत वापरणं वाढलं आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी वाद घालणारे शेतकरी मला कमी भेटले. बहुतेकांना स्वतःलाही वासरू चढवताना बरं वाटत नाही.

१६. झुडपांची कुंपणं उन्हाळ्यात वाढून रस्त्यावर येतात, तरी कापत का नाहीत? आणि शेतात मधोमध एकच झाड का सोडतात?

१ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या घरट्यांसाठी कुंपण कापायला कायद्याने मनाई आहे. वाहतुकीला धोका असेल तर अपवाद आहे.

एकटं उभं असलेलं काटेरी हॉथॉर्नचं झाड लोककथांतल्या अदृश्य लोकांचं (इंग्रजीत फेअरी) मानतात. त्याला हात लावला की घरावर संकट येतं. शिकलेला, कर्जाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवणारा शेतकरीही नांगर त्याच्याभोवती वळवून नेतो. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असं झाड आलं, कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि झाड राखलं गेलं. शेतातल्या गोल मातीच्या जुन्या गढ्यांनाही हीच भीती राखते. शिवाय त्या कायद्याने संरक्षित स्मारकं आहेत.

१७. इथे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो का?

नाही. महाराष्ट्रासारखी अट इथे नाही, आणि परदेशी माणसालाही घेता येते. मात्र जमीन घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही. खरी अडचण वेगळी आहे: जमीन विक्रीला येतच नाही. ती वारशाने जाते, आणि चांगल्या जमिनीचा भाव एकरी दहा हजार युरोच्या पुढे असतो. भाड्याने घ्यायची तर अकरा महिन्यांचा तोंडी किंवा लेखी करार ही जुनी पद्धत. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मालकाला करसवलत मिळते, म्हणून आता तोही वाढला आहे.

१८. मुलांना शेतावर न्यायचं आहे, किंवा शेतांमधून पायी फिरायचं आहे. काय सांभाळावं?

आधी विचारा. खासगी जमिनीवरून चालण्याचा सरसकट हक्क इथे नाही. आखलेल्या वाटासुद्धा बऱ्याचदा शेतकऱ्याच्या संमतीवर चालतात. फाटक जसं होतं तसंच सोडा, उघडं तर उघडं. कुत्रा आणू नका. वासरू बरोबर असलेल्या गाईपासून लांब राहा, ती वळूइतकीच धोकादायक असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोठ्याखालच्या टाकीतलं शेण-मूत ढवळत असतील तर त्या आवारात पाऊलही टाकू नका. ढवळताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि माणूस एका-दोन श्वासांत कोसळतो. वाचवायला गेलेला दुसराही जातो, अशा घटनांनी घरंच्या घरं उजाड झाली आहेत. शेतकरी वारा असलेला दिवस निवडतात, गुरं बाहेर काढतात आणि ढवळणं सुरू केल्यावर निदान अर्धा तास तिकडे फिरकत नाहीत.

१९. हे सगळं कुठे बघायला आणि शिकायला मिळेल?

मेयो काउंटीत कॅसलबारजवळ टर्लॉक पार्क इथे राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवन शाखा आहे, २००१ पासून, प्रवेश मोफत. क्रील, श्लान, पेंढ्याचे दोर आणि खुर्च्या सगळं तिथे आहे. किलार्नीजवळच्या मक्रॉसच्या पारंपरिक शेतांवर जुनी घरं आणि जनावरं बघता येतात. आजची शेती बघायची तर सप्टेंबरमधली राष्ट्रीय नांगरणी स्पर्धा. १९३१ पासूनची, आता तीन दिवसांची जत्राच.

शिकायचं असेल तर मोसम बघा. टोपल्यांचे वर्ग हिवाळ्यात, लव्हाळ्याचे जानेवारीअखेर, दगडी भिंतीचे वसंत ते शरद. भिंतीच्या वर्गाला जाड तळव्याचे बूट आणि चामडी हातमोजे न्या, आणि अंगठ्या घरी ठेवा.